इंजिनामागचे डबे : अमेरिकेतल्या प्रवासी गाड्यांची घडण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतली लांब पल्ल्याची प्रवासी गाडी साधारण एका ठरलेल्या क्रमाने लागत असे. इंजिनापाठोपाठ टपालाचा डबा, मग पार्सलचा आणि सामानाचा, त्यामागे साध्या तिकिटाचे बसायचे डबे, मध्यावर भोजनाचा डबा, त्याच्या मागे शयनयाने आणि अगदी शेपटाला उघडा सज्जा असलेला आरामडबा. या क्रमामागचा हिशोब सरळ होता. कोळशाचा धूर आणि ठिणग्या पुढच्या डब्यांवर पडत. टक्कर झालीच तर तेच आधी चिरडले जात. म्हणून निर्जीव माल पुढे आणि जास्त पैसे मोजणारा उतारू मागे. गंमत अशी की, गाडी फायद्यात राहायची ती बहुधा या पुढच्या, उतारूंच्या खिजगणतीतही नसलेल्या डब्यांच्या जोरावर.

सुरुवात अगदीच ओबडधोबड होती. १८३१ साली न्यूयॉर्क राज्यात ‘डी विट क्लिंटन’ हे इंजिन धावले, तेव्हा त्यामागे घोडागाडीच्या पेट्याच लोखंडी चाकांवर बसवून जोडल्या होत्या. इंग्लंडने हाच नमुना वाढवत नेला. अनेक पेट्या एका सांगाड्यावर शेजारी-शेजारी ठेवायच्या, प्रत्येकीला बाजूने स्वतंत्र दार, आतून एकीतून दुसरीत जायला वाट नाही. हिंदुस्थानात १८५३ नंतर आलेले डबेही याच वळणाचे होते. अमेरिकेने मात्र लवकरच वाट बदलली. तिथले रूळ घाईने आणि कमी पैशांत टाकलेले, वळणे अरुंद, जमीन न दाबलेली. अशा मार्गावर ताठ सांगाड्याचा डबा घसरायचा. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेवर रॉस वायनन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८३०च्या दशकात लांब डब्याच्या दोन्ही टोकांखाली चार-चार चाकांचे स्वतंत्र वळणारे गाडे बसवले. डबा लांब झाला तशी आतली मांडणीही बदलली. मधून वाट, दोन्ही बाजूंना बाके, कोपऱ्यात लाकडाची किंवा कोळशाची शेगडी, आणि चढण्या-उतरण्यासाठी दोन्ही टोकांना उघडे ओटे.

या मधल्या वाटेचे अमेरिकनांना मोठे कौतुक. आमच्याकडे वर्ग नाहीत, राजा-रंक एकाच डब्यात बसतात, असे ते सांगत. पण १८४२ साली बोस्टन-लोवेल मार्गावर प्रवास केलेल्या चार्ल्स डिकन्सच्या नजरेतून खरी व्यवस्था सुटली नाही. पहिला-दुसरा वर्ग नव्हता, हे खरे. पण पुरुषांचा डबा वेगळा, बायकांचा वेगळा, आणि कृष्णवर्णीयांचा तिसराच. पुढे युरोपातून आलेल्या स्थलांतरितांसाठी लाकडी फळ्यांचे ‘एमिग्रंट’ डबे निघाले, ते कित्येकदा मालगाडीच्या शेपटाला लावून पश्चिमेकडे नेत. वर्ग तिकिटावर छापलेला नव्हता इतकेच.

डबे एकमेकांना जोडणे हे त्या काळी जिवावरचे काम होते. दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून लोखंडी कडी खाचेत घालायची आणि वरून खिळा सोडायचा. हात थोडा उशिरा निघाला की बोटे गेली. ब्रेक लावणारी माणसे डब्याडब्यावर जाऊन हाताने चाक फिरवीत. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले, १८७३ मध्ये इलाय जॅनीने आपोआप अडकणारी जोडणी शोधली. पण कंपन्यांना खर्च नको होता. शेवटी १८९३ मध्ये संसदेने कायदा करून दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या.

उतारूंच्या दृष्टीने याहून मोठा बदल १८८७ मध्ये झाला. शयनयाने बांधणाऱ्या पुलमन कारखान्यातल्या एच. एच. सेशन्स याने दोन डब्यांमधल्या उघड्या ओट्यांना भिंती घालून, भात्यासारख्या घडीच्या पडद्याने ते सांधले. याला व्हेस्टिब्यूल म्हणत. तोवर चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाणे म्हणजे वारा, धूर आणि मधल्या फटीतून दिसणारे धावते रूळ यांच्याशी सामना. व्हेस्टिब्यूल आला आणि सुटे डबे मिळून एक गाडी झाली. जेवायचा डबा वेगळा, सिगार ओढत बसायचा वेगळा, झोपायचा वेगळा, अशी वाटणी त्यानंतरच खऱ्या अर्थाने उपयोगाची ठरली.

शयनयानाचे नाव निघाले की जॉर्ज पुलमनचे येतेच. झोपायचे डबे त्याच्या आधीही होते. १८५९ मध्ये त्याने शिकागो अँड ऑल्टन रेल्वेचे दोन जुने डबे घेऊन त्यांची शयनयाने केली, एवढीच त्याची सुरुवात. १८६५ च्या सुमारास त्याने ‘पायोनियर’ नावाचा ऐसपैस, नक्षीदार डबा बांधला. तो लिंकन यांच्या अंत्ययात्रेच्या गाडीला जोडला गेला आणि त्याच्या रुंदीसाठी वाटेतले फलाट तासावे लागले, ही कथा पुस्तकापुस्तकांतून फिरते. रेल्वेच्या इतिहासकारांनी तिच्याबद्दल शंका घेतली आहे, आणि पुलमनचे जाहिरातीचे कसब पाहता ती शंका रास्त वाटते. त्याची खरी कल्पकता डब्यात नव्हती, धंद्याच्या रीतीत होती. १८६७ मध्ये काढलेल्या त्याच्या कंपनीने डबे विकण्यावर भर न देता ते स्वतःच्या मालकीचे ठेवले. डबा पुलमनचा, चादरी-उशा पुलमनच्या, नोकर पुलमनचे. रेल्वेने तो फक्त ओढून न्यायचा. त्यामुळे उतारूला दोन तिकिटे काढावी लागत, एक रेल्वेचे आणि दुसरे बर्थचे. गाडीत कंडक्टरही दोन असत. याचा फायदा असा की, हिवाळ्यात फ्लोरिडाला गर्दी झाली की उत्तरेकडचे डबे तिकडे वळवता येत. एखाद्या रेल्वेला वर्षभर ते पोसावे लागत नसत. १९२०च्या दशकात एका रात्री सुमारे एक लाख माणसे पुलमनच्या डब्यांत झोपत.

या डब्याची सर्वांत प्रचलित रचना म्हणजे बारा ‘सेक्शन’ आणि एक बंद खोली. सेक्शन म्हणजे समोरासमोरची दोन बाके. रात्री ती ओढून खालचा बर्थ व्हायचा. छताच्या कडेला दिवसभर बंद असलेला झुकता कप्पा खाली ओढला की वरचा. गाद्या, चादरी, मधले पडदे त्याच कप्प्यातून निघत. जाड पडद्यामागे, आडवे पडून, पँट उतरवायची कसरत हा त्या काळच्या विनोदी चित्रांचा हमखास विषय होता. धुण्याची आणि कपडे बदलण्याची सोय डब्याच्या टोकांना, पुरुषांना एकीकडे, बायकांना दुसरीकडे.

हे सगळे चालवणारा माणूस म्हणजे पोर्टर. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पुलमनने मुद्दाम या कामावर घेतले. पोर्टरने बिछाने घालायचे, बुटांना पॉलिश करायचे, रात्री घंटा वाजली की उठायचे. पगार तुटपुंजा, भिस्त बक्षिशीवर, आणि महिन्याला ४०० तास काम. उतारू त्यांना सर्रास ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत, म्हणजे मालकाच्या नावाने, जसे गुलामाला ओळखत. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. कामाचे तास २४० वर आले. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीला पुढे जे कार्यकर्ते मिळाले, त्यांतले कित्येक याच डब्यांतून तयार झाले.

जेवणाची सोय शयनयानाच्या मागोमाग आली. त्याआधी गाडी एखाद्या स्थानकावर वीसेक मिनिटे थांबायची आणि उतारू खानावळीकडे धावायचे. फ्रेड हार्वीने १८७६ मध्ये कॅन्ससमधल्या टोपीका इथे स्वच्छ उपाहारगृह काढून सँटा फे रेल्वेचे नाव केले, पण बहुतेक ठिकाणी तेलकट बटाटे आणि शिळी कॉफी. पुलमनने १८६८ मध्ये ‘डेल्मॉनिको’ हा स्वतंत्र भोजनडबा सुरू केला. भोजनडब्यात निम्मी जागा टेबलांना, उरलेली कोठीला आणि मुदपाकखान्याला. अरुंद बोळासारख्या त्या जागेत कोळशाच्या चुलींपुढे तीन-चार आचारी घाम गाळत आणि ताज्या पावांपासून माशांपर्यंत सगळे तिथेच शिजवीत. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने तर १९०९ पासून जवळजवळ किलोभर वजनाचा एकेक भाजलेला बटाटा आपली खूण बनवला. या डब्यांवर कंपन्यांना बहुधा तोटाच होई. चांगल्या जेवणाच्या नावावर शयनयाने भरतात, म्हणून तो सोसायचा. उगाच ओझे नको म्हणून कित्येक गाड्यांत रात्रीचे जेवण आटोपल्यावर हा डबा वाटेतल्या स्थानकावर काढून ठेवत आणि पहाटे दुसरा जोडत. गाडीत त्याची जागा बसायचे डबे आणि शयनयाने यांच्या मधोमध. दोन्हीकडचे लोक तिथवर येत, पण साध्या तिकिटाचा उतारू शयनयानांतून फिरकायचे कारण उरत नसे.

टपालाच्या डब्याची कथा उतारूंना क्वचितच कळे, कारण त्याचे दार त्यांच्यासाठी कधी उघडत नसे. १८६२ मध्ये मिसूरीत हॅनिबल अँड सेंट जोसेफ मार्गावर धावत्या गाडीत पत्रे वेचण्याचा प्रयोग झाला. १८६४ मध्ये शिकागोतले टपाल अधिकारी जॉर्ज आर्मस्ट्राँग यांनी शिकागो ते क्लिंटन मार्गावर ती पद्धत नियमित केली. साठ फुटी डब्यात दोन्ही भिंतींना खणच खण. कारकून उभ्याने, हलत्या गाडीत, गावागावांची पत्रे त्या-त्या खणात टाकत. त्यांना हजारो टपाल कार्यालयांची नावे आणि तिथे जाणाऱ्या गाड्या तोंडपाठ ठेवाव्या लागत. वेळोवेळी परीक्षा होई आणि शंभरात ९७ गुण मिळाले तरच पास. गाडी जिथे थांबत नसे तिथल्या गावांसाठी रुळांशेजारी लोखंडी खांबावर टपालाची पिशवी टांगलेली असायची. कारकून दारातला लोखंडी आकडा नेमक्या क्षणी बाहेर काढी, पिशवी त्यात अडकून आत येई, आणि त्याच वेळी तो त्या गावची पिशवी पायाने बाहेर लोटी. रात्रीच्या काळोखात खांब दिसत नसे. पुलाचा आवाज, वळणाचा झोक यांवरून गाव ओळखायचे. किमती टपाल असल्यामुळे कारकुनांना पिस्तूल बाळगावे लागे. डब्याच्या बाजूला पत्र टाकायची फट असे, त्यामुळे फलाटावर गाडी उभी असताना कोणीही थेट पत्र टाकू शकत असे. ऑल्बनीच्या टपाल कार्यालयात आलेला ओनी नावाचा एक भटका कुत्रा या डब्यांतून देशभर हिंडला. जिथे जाई तिथले कारकून त्याच्या गळ्यात बिल्ला अडकवीत. १८९७ मध्ये तो मेला, पण बिल्ल्यांसह त्याचा पेंढा भरलेला देह वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात आजही आहे.

टपालाच्या मागोमाग पार्सलचे डबे, आणि त्यांच्यालगत अर्धा सामानाचा, अर्धा बसायचा असा जोडडबा. दक्षिणेत या अर्ध्या भागाला वेगळाच अर्थ होता. १८९० मध्ये लुइझियानाने गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळे डबे ठेवण्याचा कायदा केला. ७ जून १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि अटक करवून घेतली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९६ मध्ये न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व उचलून धरले. ते समान कधीच नव्हते. पहिल्या दर्जाचे पैसे मोजलेल्या कृष्णवर्णीयालाही बहुधा इंजिनाजवळच्या, धुराने भरलेल्या त्या अर्ध्या डब्यात बसवत. ९ जुलै १९१८ रोजी नॅशव्हिलजवळ दोन प्रवासी गाड्या समोरासमोर धडकल्या. १०१ माणसे दगावली, त्यांत बारुदाच्या कारखान्यात कामाला निघालेले कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांचे डबे जुने, लाकडी होते आणि पुढे लावलेले होते. भोजनडब्यातही पडदा असे. त्यामागची मुदपाकखान्यालगतची एक-दोन टेबले कृष्णवर्णीयांची, तीही गोऱ्यांची गर्दी नसेल तर. एल्मर हेंडरसन या सरकारी नोकराला १९४२ मध्ये सदर्न रेल्वेवर असेच उपाशी परतावे लागले. त्याच्या दाव्यात १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडदा बेकायदा ठरवला. आंतरराज्य गाड्यांतले वेगळे डबे बंद करण्याचा हुकूम १९५५ मध्ये निघाला.

लाकडी डब्यांचा धोका नॅशव्हिलच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. डिसेंबर १८७६ मध्ये ओहायोतल्या ॲश्टाब्युला इथे पूल कोसळून गाडी नदीत गेली. पडूनही जे वाचले असते त्यांतले अनेक जण डब्यांतल्या शेगड्या आणि दिवे उलटून लागलेल्या आगीत जळाले. त्यानंतर इंजिनातली वाफ नळाने डब्यांत फिरवून ऊब देण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली, दिवेही विजेचे झाले. लाकूड मात्र टिकून होते. त्याला खरा धक्का न्यूयॉर्कच्या बोगद्यांनी दिला. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने हडसन नदीखालून बोगदे खणून १९१० मध्ये मॅनहॅटनमध्ये आपले भव्य स्थानक उघडले. नदीखालच्या बोगद्यात लाकडी डबा पेटला तर काय होईल, या भीतीने कंपनीने पोलादी डब्यांचा आग्रह धरला, आणि पुलमनलाही कारखाना बदलावा लागला. नवा डबा ८० फुटांहून लांब, खाली सहा-सहा चाकांचे गाडे, आवाज दबावा म्हणून जमिनीत काँक्रीट. वजन जवळपास ८० टन. चाल संथ आणि गुळगुळीत, पण तो ओढायला इंजिनेही तितकीच थोराड लागली.

या जड डब्यांच्या काळात गाडी म्हणजे एक वस्तू नव्हती. वाटेत जमणारी आणि पांगणारी मंडळी होती. एकाच गाडीतले डबे वेगवेगळ्या गावांचे असत. जंक्शनवर मध्यरात्री शंटिंगचे इंजिन येऊन दोन डबे काढून नेई, तीन लावी, आणि झोपलेल्याला जेमतेम धक्का जाणवे. मध्यम आकाराच्या शहरात संध्याकाळीच एक शयनयान बाजूच्या रुळावर उभे करत. उतारूने रात्री नऊ-दहाला येऊन झोपावे, पहाटे दोनला गाडी येऊन डबा उचलून नेई. न्यूयॉर्क-शिकागो दरम्यानची ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ १९०२ मध्ये वीस तासांच्या वेळेने सुरू झाली. गर्दीच्या दिवशी तिच्या एकापाठोपाठ एक अशा अनेक गाड्या त्याच नावाने निघत. मात्र शिकागो ओलांडणे अवघड. पूर्वेच्या कंपन्या तिथे संपत, पश्चिमेच्या तिथून सुरू होत, आणि उतारूला सामानासह दुसऱ्या स्थानकावर जावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे रॉबर्ट यंग यांनी जाहिरात देऊन टोमणा मारला की, डुकराला गाडी न बदलता देशभर जाता येते, माणसाला येत नाही. १९४६ मध्ये किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत थेट शयनयाने सुरू झाली.

त्याआधी, १९३०च्या दशकातल्या मंदीने उतारू पळवले तेव्हा कंपन्यांनी वेग आणि चकाकी यांचा आसरा घेतला. १९३४ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेची ‘एम-१००००’ आणि बर्लिंग्टन रेल्वेची ‘झेफर’ या गाड्या आल्या. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कारखान्याने झेफर बिनगंजाच्या पोलादाची, डिझेलवर चालणारी बांधली. २६ मे १९३४ रोजी ती पहाटे डेन्व्हरहून सुटली आणि १,०१५ मैल कुठेही न थांबता १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोचली. सोबत एक गाढवही होते, झेफ नावाचे. पण या गाड्यांत मोठी खोट होती. तीन डबे एकाच सांगाड्यासारखे गुंफलेले, दोन डब्यांना मिळून मधला चाकांचा गाडा एकच. उतारू वाढले तर चौथा डबा सहजी जोडता येत नसे, एक बिघडला तर पूर्ण गाडी बंद. थोड्याच वर्षांत हलक्या पोलादाचे सुटे डबे पुन्हा आले. पुलमननेही १९३७ मध्ये ‘रूमेट’ काढली. एकट्यासाठी दार लागणारी, भिंतीतून बिछाना खाली येणारी छोटी खोली. पडद्यांचे दिवस त्यानंतर सरत गेले.

युद्धानंतरची ‘कॅलिफोर्निया झेफर’ ही या घडणीची सर्वांत देखणी गाडी म्हणावी लागेल. १९४९ मध्ये तीन कंपन्यांनी मिळून ती शिकागो ते ओकलंड चालवली. सामानाच्या डब्यामागे काचेच्या घुमटाचे तीन बसायचे डबे, मग घुमटाचाच उपाहारडबा, भोजनडबा, शयनयाने, आणि शेवटी पाचवा घुमट घेऊन आरामडबा. वेळापत्रकच असे बांधले होते की, रॉकी पर्वत आणि फेदर नदीची दरी उजेडात पार व्हावी.

उतारू तरीही घटत गेले. १९५६ मध्ये महामार्गांचा कायदा झाला, १९५८ मध्ये जेट विमाने आली. आतून गाडी पोकळ केली ती मात्र पुढच्या डब्यांनी. टपाल खाते पत्रे मोटारींवर आणि विमानांवर घालू लागले आणि १९६७ मध्ये त्याने धावते टपाल मोठ्या प्रमाणावर काढून घेतले. सँटा फेने लगेच आपल्या बहुतेक गाड्या बंद करायची परवानगी मागितली. त्याच डिसेंबरात ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’ बंद पडली. १९६८ च्या अखेरीस पुलमनने शयनयाने चालवणे सोडले. १ मे १९७१ पासून ॲमट्रॅक ही सरकारी संस्था आली आणि तिने कंपन्यांकडून निवडक जुने डबे घेतले. पहिली काही वर्षे एकाच गाडीत पाच रंगांचे डबे दिसत. टपालाचा शेवटचा डबा न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर ३० जून १९७७ रोजी धावला.

१९७९ पासून ॲमट्रॅकच्या पश्चिमेकडच्या गाड्यांना दुमजली ‘सुपरलायनर’ डबे लागले. ते सँटा फेच्या १९५०च्या दशकातल्या उंच डब्यांवरून बेतलेले होते आणि ते बांधून झाल्यावर पुलमनच्या कारखान्याने प्रवासी डबे बांधणे थांबवले. डब्यांच्या उबेसाठी वाफेच्या जागी इंजिनातून वीज आली. कोळशाचा धूरही उरला नाही, त्यामुळे शयनयाने आता इंजिनाजवळही लागतात आणि बसायचे डबे मागे. शेपटाचा आरामडबा गेला. तो ठेवायचा तर प्रत्येक फेरीनंतर पूर्ण गाडी फिरवून घ्यावी लागते. सामानाचा डबा तेवढा अजून बहुधा इंजिनामागेच असतो.